मीठ उतरवताना

पहाटेचे सव्वापाच. उत्तनच्या किनाऱ्यावर बल्बच्या पिवळ्या उजेडात बोंबलांचे क्रेट एकावर एक चढताहेत. डिसेंबर आहे, थंडी आपल्याकडची, कान झाकले की भागणारी. पण रात्रभर दव पडलंय. पिकअपच्या काचेवर, टपावर, फाळक्यावर बारीक थेंबांची जाळी बसली आहे. शेवटचा क्रेट हौद्यात सरकतो, त्यावर बर्फाचा चुरा पडतो, ताडपत्री ओढली जाते. पिकअपवाले दादा फाळक्याच्या कड्या लावतात आणि मी मोबाइलचा टॉर्च लावून गाडीच्या मागे उकिडवा बसतो.

वर मासळी, बर्फ, माणसांची लगबग. खाली कुणीच बघत नाही असं एक जग. हौद्याच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी गळतंय. आधी थेंब, मग बारीक धार. ती चेसिसच्या आडव्या पट्टीवर पडते, लांब तुळईच्या आतल्या अंगानं सरकते, ब्रेकच्या पाइपवर क्षणभर थबकते आणि मागच्या पाट्यांच्या फटींत शिरते. मी पट्टीला बोट लावतो. पापडाचा तुकडा मोडावा तसा गंजाचा एक पापुद्रा हातात येतो. त्याच्याखाली दुसरा पापुद्रा आहे.

शेजारी उभे असलेले नाखवा वाकून बघतात. "आमची होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढली की पोटाखाली शिरून खरवडतो, तेल-रंग करतो, मग शाकारून ठेवतो," ते म्हणतात. "जून-जुलैची बंदी म्हणजे होडीच्या दुरुस्तीचे दिवस. गाडीला कुठं बंदी असते? तिचं पोट कोण बघतं?"

दादा काही बोलत नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी चौक गावाकडून उतरताना ब्रेकचं पेडल त्यांच्या पायाखाली एकाएकी तळाला गेलं होतं. शेजारच्या सीटवर मी होतो. गाडी रिकामी होती, वेग कमी होता. दादांनी गिअर खाली ओढला, हँडब्रेक खेचला आणि गाडी रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगाला टेकून थांबली. नंतर खाली बघितलं तर ब्रेकच्या पाइपला सुईच्या टोकाएवढं भोक. बरोब्बर तिथंच, जिथं आता हे पाणी थबकतंय. पाइप त्याच दिवशी नवा बसला. पण पाइप खाणारं जे होतं ते तसंच राहिलं. आज दादांनी दोन दिवस गाडी बंद ठेवायचं ठरवलंय. बोंबलाच्या ऐन हंगामात दोन दिवसांचं भाडं सोडणं सोपं नाही, हे मला त्यांच्या गप्प राहण्यातून कळतं.

गाडी सुटते. डोंगरी मागे पडतं, मोर्वा येतं, मग राई. पूर्वेकडं उजाडायला लागलंय. रस्त्याकडेला तिवरं, त्यांच्या मागं खाजणाचे पाण्यानं चकाकणारे चौकोन. दादा राईचेच, आगरी. आगर म्हणजे मिठाचं शेत, आणि ते पिकवणारा तो आगरी. दादांच्या आजोबांचं सगळं आयुष्य याच चौकोनांमध्ये गेलं. भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उन्हानं आटवायचं, तळाला पांढरं धरलं की फावड्यानं ओढायचं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. आजोबांना ते मिळवायला ऊन, वारा आणि महिने लागत. नातवाच्या गाडीखाली ते रोज पहाटे आपोआप साठतंय.

भाईंदरच्या बाजारात क्रेट उतरतात. साडेआठला आम्ही पश्चिमेच्या गॅरेजमध्ये पोचतो. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढं सिमेंटच्या दोन उतरत्या भिंतींचा रॅम्प. दादा गाडी वर चढवतात. मिस्त्री कोकणातले, साठीच्या आसपासचे. ते आधी काहीच विचारत नाहीत. लहान हातोडी घेऊन गाडीखाली जातात आणि पुढून मागं ठोकत येतात. टण्ण. टण्ण. टण्ण. घंटेसारखा स्वच्छ आवाज. मागच्या चाकाच्या थोडं आधी आवाज बदलतो. भद. ते थांबतात, पुन्हा ठोकतात. भद. खडूनं तिथं गोल काढतात. पाट्याच्या शॅकलपाशी दुसरा गोल, सुट्या टायरच्या पट्टीवर तिसरा.

"लोखंड बोलतं," मिस्त्री मला म्हणतात. "निरोगी असलं की गातं. आतून कुजलं की मुकं होतं. वरून रंग कितीही काळा मारा, आवाज लपत नाही."

तीन गोल. चेसिस अजून वाचण्यासारखी आहे, दोन वर्षांनी आणली असती तर पट्ट्या कापून वेल्डिंग करावं लागलं असतं, असं ते सांगतात. दादा खाली शिरून स्वतः ते गोल बघतात. बाहेर आल्यावर खिशातून एक कागद काढतात. कोणत्या तरी दुकानातून अंडरकोटिंगच्या काळ्या डब्यांचा भाव लिहून आणलाय. "आजच मारून टाका मिस्त्री."

मिस्त्री कागद बघतही नाहीत. "आधी धुऊ."

हाताखालचा पोरगा प्रेशरचा पाइप ओढतो. पहिल्या झोतासरशी चिखल, खवले, डिझेलचा मेणचट थर, सगळं फुटून वाहायला लागतं. चेसिसच्या पोकळ भागांना पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात, ती सगळी चिखलानं बुजलेली. मिस्त्री तारेचा आकडा घालून एकेक मोकळं करतात. एका भोकातून कपभर काळं पाणी भळकन बाहेर येतं. किती दिवसांचं असेल कोण जाणे. त्याचा वास बंदराचा आहे.

वीस मिनिटांनी पोरगा मशीन बंद करतो. गाडीचं पोट स्वच्छ दिसतंय. मला वाटतं, झालं. मिस्त्री मात्र पोराला दुसऱ्या पिंपाकडं बोट दाखवतात. "बाळा, आता टँकरचं घे. हे बोअरचं होतं."

मी चक्रावतो. ते मला बोअरच्या पाण्याचे दोन थेंब तळहातावर देतात. जिभेला लावतो. मचूळ. इथं एका अंगाला खाडी आणि एका अंगाला समुद्र, जमिनीतलं पाणी खारं होणारच. "निम्मी गॅरेजं याच पाण्यानं गाड्या धुतात," मिस्त्री म्हणतात. "चिखल काढायला हरकत नाही. पण शेवटचं पाणी गोडंच हवं. नाहीतर मीठ काढायला मिठाचंच पाणी." आमच्या या शहरात गोड्या पाण्यासाठी घराघरांत पिंपं भरून ठेवावी लागतात, नळ कधी येईल याकडं कान असतात. त्या पाण्यातले दोनशे लिटर गाडीच्या पोटाला द्यायचे. दादा एकदा पिंपाकडं बघतात, एकदा खडूच्या पुसट झालेल्या गोलांकडं, आणि मान हलवतात. झोत पुन्हा सुरू होतो.

अकरा वाजता ऊन रॅम्पवर येतं. पूर्वेकडून कोरडा वारा सुटलाय. तासाभरात पोट वाळतं. दादा डबे आणायला निघणार, इतक्यात मिस्त्री हाक मारतात, "या, बघा."

चेसिसच्या दोन पत्र्यांच्या जोडावर, रिबिटांच्या भोवती, पाट्यांच्या फटीपाशी पांढरी बारीक भुकटी उमटली आहे. भिंतीला लोणा फुटावा तशी. दोनदा धुऊनही फटींच्या आत राहिलेलं मीठ पाण्याबरोबर बाहेर आलं, पाणी उडून गेलं आणि मीठ दिसायला लागलं. मिस्त्री त्यावरून अंगठा फिरवून दाखवतात. "यावर तुमचा काळा थर मारला असता तर? मीठ आत, ओल आत, वरून झाकण. आतल्या आत खात राहिलं असतं आणि तुम्ही निर्धास्त."

माझ्यासाठी सकाळचं सगळं या एका अंगठ्यावर येऊन थांबतं. गंजापासून वाचवायचं म्हणजे काहीतरी फासायचं, असंच मी समजत होतो. खरं संरक्षण फासण्यात कमी आणि काढून टाकण्यात जास्त आहे.

आणि आपल्या थंडीचं कोडंही इथंच सुटतं. पावसाळा संपला की लोखंडाला उसंत मिळते, असं आपण धरून चालतो. पण पावसाळ्यात मिठाची बरणी कशी पाझरते, आठवा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ स्वतःच हवेतली ओल ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला तर तेहतीस-चौतीस टक्केही पुरतात. थंडीच्या रात्री गाडीचं लोखंड गार पडतं, त्यावर दव धरतं आणि फटीतलं मीठ जागं होतं. गंज चढायला लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू लागतो. पत्र्याच्या एका ठिकाणचं लोखंड विरघळतं, दुसऱ्या ठिकाणी प्राणवायू त्याचे इलेक्ट्रॉन घेतो, आणि या देवाणघेवाणीला मधलं पाणी वाट करून देतं. साध्या पाण्यात ती पायवाट असते. खाऱ्या पाण्यात तिचा हमरस्ता होतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून तो पत्र्यांच्या जोडात शिरला की जोड फुगवतो, फट रुंदावते, तिथं आणखी पाणी शिरतं. पावसात निदान पाण्याचा लोट काही मीठ धुऊन नेतो. दव नुसतं भिजवतं, धूत नाही.

माझी मावसबहीण टोरोंटोजवळ राहते. मी तिला त्या पांढऱ्या भुकटीचा फोटो पाठवतो. तिकडं मध्यरात्र उलटली असेल, तरी तिचा फोन येतो. तिच्या शहरात हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, कारण खारं पाणी शून्याखालीही लवकर गोठत नाही. म्हणून ती दर ऑक्टोबरात गाडीच्या पोटाला तेलकट फवारा मारून घेते आणि हिवाळाभर संधी मिळेल तेव्हा पोट धुऊन घेते. "आणि मीठ लागलेली गाडी उबदार गॅरेजात ठेवली तर गंज जास्त चढतो," ती सांगते, "उबेनं त्याला जोर येतो." मी रॅम्पवरच्या उन्हाकडं बघतो. तिच्याकडं मीठ चार-पाच महिने आणि ऊब मोजकी. आमच्याकडं मासळीच्या गाडीला मीठ दहा महिने आणि ऊब बारा महिने.

तिसरं धुणं चाललेलं असताना गॅरेजात माणसं जमतात. गंजाचा विषय निघाला की प्रत्येक गाडीवाल्याकडं एक उपाय असतो.

एक टेम्पोवाले काका म्हणतात, "एवढं कशाला? जळकं ऑइल मारा, फुकटात काम." मिस्त्री शांतपणे उत्तर देतात. पूर्वी तेही मारायचे. लोखंडाला काही दिवस आडोसा मिळतो, हे खरं. पण पाट्यांचे आणि सस्पेन्शनचे रबरी बुश त्या तेलानं फुगतात आणि सैल पडतात. सायलेन्सरवर उडालं तर धूर, प्रसंगी आग. आणि पहिल्या पावसात ते गटारात, गटारातून खाडीत. "ज्या खाडीची मासळी आपण वाहतो तिच्यातच ते सोडायचं?" वापरलेलं तेल सरकारच्या २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेकडंच जायला हवं. मिस्त्रींच्या शेडमध्ये त्यासाठी वेगळं पिंप आहे, झाकण लावलेलं.

दादांना नाखव्यांच्या होडीचं आठवतं. पंख्यापाशी जस्ताचा ठोकळा बसवतात, तो झिजतो आणि पंखा वाचतो. "तसाच एक चेसिसला लावला तर?" प्रश्न चांगला आहे. जस्तानं दुसऱ्या धातूसाठी झिजायचं ही युक्ती जुनी आहे. १८२४ साली हंफ्री डेव्ही यांनी ब्रिटिश जहाजांच्या तळाचं तांबं असंच जस्त आणि लोखंड लावून वाचवायचा प्रयोग केला होता. पण मिस्त्रींचं उत्तर त्याहून चांगलं आहे. "होडी अख्खी पाण्यात असते दादा. ठोकळा आणि पंखा एकाच पाण्यात बुडालेले, म्हणून ठोकळा पंख्यासाठी झिजतो. गाडीवर नुसते थेंब. इथला थेंब तिथल्या थेंबाला भेटतच नाही. ठोकळ्याशेजारचं बोटभर लोखंड वाचेल, बाकीचं नाही."

मग पोरगा विचारतो, "काका, भाईंदर पूर्वेला एवढी स्टीलची भांडी बनतात, ती गंजत नाहीत. चेसिस त्याची का नाही करत?" सगळे त्याच्याकडं कौतुकानं बघतात. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा भांड्याला जपतो. पण क्रोमियम महाग, आणि चेसिसला भार पेलणारं, वेल्डिंगला सोपं, परवडणारं साधं पोलादच सोयीचं. साध्या पोलादाला तसा पापुद्रा नाही. त्याचं जपणं माणसालाच करावं लागतं.

संध्याकाळी गाडी शेडमध्ये आत घेतात. रात्री उघड्यावर ठेवली तर दव धरेल आणि दिवसभराचं वाळवणं वाया जाईल. दादा घरी जायला निघतात, पण दारातून दोनदा मागं वळून बघतात.

दुसरा दिवस. दहा वाजून गेले आहेत, लोखंड हाताला कोमट आणि कोरडं लागतंय. पांढरी भुकटी कुठंच नाही. आता वायर ब्रश फिरतो. सुटे पापुद्रे झडतात, घट्ट बसलेला तांबूस थर उरतो. मिस्त्री छोट्या ब्रशनं त्यावर एक पातळ द्रावण लावतात. आमच्या डोळ्यांदेखत तांबडं काळं व्हायला लागतं, निळसर काळं. त्यात टॅनिक आम्ल आहे. मला माझ्या आजोबांच्या वह्या आठवतात. हिरडा आणि हिराकस यांची शाई करायचे, असं ते सांगायचे. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड एकत्र आलं की असाच न पुसणारा काळा रंग होतो. ज्या मिश्रणानं आजोबांच्या वह्या लिहिल्या गेल्या, तेच आज गाडीच्या गंजाला बांधून टाकतंय. मी हे बोलून दाखवतो. मिस्त्री हसून म्हणतात, "मग लिहितो मीही, चेसिसवर."

त्यावर रेड ऑक्साइडचा हात. तो सुकेपर्यंत झाकाझाक. सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम आणि रबरी नळ्या, फिरणारा शाफ्ट आणि त्याचे सांधे, पाणी निघायची सगळी भोकं, सगळ्यांना कागद आणि चिकटपट्टी. चेसिसवर कोरलेल्या नंबरापाशी मिस्त्री थांबतात. त्यावर काळं चढलं तर फिटनेसला अडचण. गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दर वर्षी करावं लागतं, आणि तिथं नंबर वाचता यावा लागतो. त्यावर फक्त ग्रीसचं बोट.

मग काळा थर, पण तोही सगळीकडं एकच नाही. चाकांच्या वर, जिथं खडी उडते, तिथं रबरासारखा जाड. पोकळ तुळयांच्या आत लांब नळीनं मेणाचा फवारा, तो फटींमध्ये झिरपत जातो. जाड थर खडीनं तडकला तर त्याखाली पाणी लपतं, म्हणून दर सहा महिन्यांनी हातोडी आणि टॉर्च घेऊन बघायचं. मेण मऊ राहतं, म्हणून दर वर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा मारायचं. नाखव्यांच्या जुन्या होड्यांच्या लाकडाला माशाचं तेल लावत. तिकडं अमेरिकेत रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या जहाजाच्या कप्तानानं डेकवर सांडलेल्या माशाच्या तेलाखाली गंज वाढत नाही हे हेरलं आणि त्यातून १९२१ मध्ये रस्ट-ओलियम हा रंगाचा उद्योग उभा राहिला, असं सांगतात. समुद्रावर जगणाऱ्यांना गंजाचं औषध समुद्रातच सापडलं, हे मला पटकन पटतं.

शेवटचं काम सगळ्यात साधं आणि सगळ्यात मोलाचं. हौद्याच्या त्या डाव्या कोपऱ्याखाली मिस्त्री एक पन्हळ बसवतात, तिला जाड नळी जोडतात आणि नळी चेसिसच्या बाहेरून मागं एका कॅनमध्ये सोडतात. आता बर्फाचं खारं पाणी लोखंडावर पडणार नाही, रस्त्यावरही नाही. दादा बादलीभर पाणी हौद्यात ओततात आणि पटकन खाली वाकून बघतात. कॅनमध्ये पाणी पडल्याचा आवाज येतो. पोट कोरडं आहे. दोन दिवसांत पहिल्यांदा ते हसतात.

"रोज माल उतरवला की दोन बादल्या," मिस्त्री सांगतात. "गोडं पाणी. काळा थर मी दिलाय, पण गाडी टिकवणार त्या दोन बादल्या."

तिसऱ्या दिवशी पिकअप पुन्हा उत्तनहून माल वाहते. दुपारी ती राईत दारापुढं येऊन उभी राहते. पुढं बंपरला लिंबू-मिरची डुलतेय. ओट्यावर दादांची आजी बसली आहे, मिठागरात राबलेली. गाडी घरी आली त्या दिवशी हिनंच मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली होती.

दादा घरातून पाइप आणतात, पिंपातलं पाणी सोडतात आणि खाली पोत्यावर आडवे होऊन गाडीच्या पोटाला धार मारतात. मागच्या पाट्यांपाशी धार बराच वेळ थांबते.

"काय करतोस रं?" आजी विचारते.

"मीठ काढतो, आजी."

आजी ओट्यावरून उतरते, काठी टेकत येते, वाकून बघते. "मीठ असं एका पान्यानं नाय जात," ती म्हणते. "पाठी पाठी घालाया लागतं. रोज." मग स्वतःच तांब्या घेते, पिंपात बुडवते आणि मागच्या चाकाजवळ, बरोब्बर त्या पाइपच्या जागी, वाकून पाणी ओतते.